पिकअपसाठी लेव्हलिंग किट आणि मोठे टायर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पिकअपचे नाक वर घेणे आणि तिला मोठे टायर चढवणे या जोडकामांविषयी सतत येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. तीच माहिती पुन्हा पुन्हा येऊ नये म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. सगळे वाचायला वेळ नसेल त्यांनी निदान प्रश्न ३ आणि प्रश्न ७ वाचल्याशिवाय काहीही विकत घेऊ नये.

१. माझी पिकअप नवीकोरी असूनही पुढून झुकलेली दिसते. हा दोष आहे का, आणि लेव्हलिंग किट त्यावर नेमके काय करते?

हा दोष नाही. मागचे पाटे भरलेल्या हौद्याचा हिशेब धरून बनवलेले असतात. रिकाम्या गाडीत ते पुरेसे दबत नाहीत आणि त्यामुळे मागची बाजू पुढच्यापेक्षा साधारणपणे २५ ते ७५ मिलिमीटर उंच राहते. हौदा भरला किंवा मागे ट्रेलर जोडला की मागची बाजू खाली येते आणि गाडी सपाट होते. लेव्हलिंग किट पुढचे सस्पेन्शन तेवढ्याच मापाने उचलते, म्हणजे रिकामी गाडी सपाट दिसते आणि पुढच्या चाकांवर थोडी मोकळी जागा मिळते. मात्र जी गाडी रिकामी असताना सपाट असते ती भरल्यावर मागे बसते, ही त्याची दुसरी बाजू आहे. त्याविषयी प्रश्न १६ पाहावा.

२. लेव्हलिंग किट आणि लिफ्ट किट यांत फरक काय?

लेव्हलिंग किट फक्त पुढची बाजू, तीही सहसा २५ ते ६५ मिलिमीटर एवढीच उचलते आणि सस्पेन्शनचे मूळ भाग जागेवर ठेवते. लिफ्ट किट चारही बाजू उचलते. उंची १०० मिलिमीटरच्या आसपास गेली की त्यात नवे क्रॉसमेंबर (चॅसीचे आडवे भाग), नकल (चाकाचा हब धरणारा भाग), डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटणारी गिअरपेटी) खाली घेणारे ब्रॅकेट असे बरेच काही येते. या पानावर फक्त पहिल्या प्रकाराचा विचार केला आहे.

३. किती उंचीचे किट घ्यावे हे कसे ठरवायचे?

डोळ्यांनी नव्हे, टेपने ठरवावे. गाडी खरोखर सपाट जागेवर उभी करावी, चारही टायरांत ठरलेली हवा भरावी आणि हौद्यात जे सामान कायम असते ते तसेच राहू द्यावे. पुष्कळ जण जमिनीपासून पुढच्या आणि मागच्या चाकाच्या कमानीची उंची मोजून वजाबाकी करतात. ते माप फसवे असते, कारण अनेक गाड्यांत दोन्ही कमानींची घडणच सारखी नसते. त्याऐवजी चॅसीच्या सरळ भागावर दोन खुणा कराव्यात आणि त्यांची जमिनीपासूनची उंची मोजावी. समजा, खुणांमधले अंतर १.५ मीटर आहे, उंचीतला फरक २० मिलिमीटर आहे आणि पुढच्या व मागच्या ॲक्सलमधले अंतर ३.५ मीटर आहे. तर पुढच्या ॲक्सलपाशी सुमारे ४७ मिलिमीटरचा फरक पडतो.

एवढ्यावरून ४७ मिलिमीटरचे किट घ्यावे असे मात्र होत नाही. मागची बाजू १० ते १५ मिलिमीटर उंच राहू द्यावी, आणि माल नियमित वाहत असाल तर त्याहून अधिक. याशिवाय आणखी एक माप घेऊन लिहून ठेवावे : प्रत्येक चाकाच्या मध्यबिंदूपासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंतचे अंतर. टायर बदलला तरी हे माप बदलत नाही, त्यामुळे किटने खरोखर किती उचलले हे नंतर त्यावरूनच कळते.

४. स्पेसर, टॉर्शन की, नवे स्ट्रट असे इतके प्रकार आहेत. कोणता निवडावा?

प्रत्येक प्रकारात वाढलेली उंची सस्पेन्शनच्या कोणत्या तरी हालचालीतून कापूनच मिळते. ती कोठून कापली जाते हे कळले की निवड सोपी होते.

स्ट्रट म्हणजे स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर यांचा एकत्र भाग. त्याच्या माथ्यावर बसणारा स्पेसर, म्हणजे जाड चकती, सर्वांत सोपा असतो. स्ट्रट न उघडता तो त्याच्या वर बोल्टने कसला जातो आणि सगळा स्ट्रट खाली सरकतो. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये (जेथे प्रत्येक चाक वेगळे हलते) स्ट्रट कंट्रोल आर्मच्या, म्हणजे चाकाला चॅसीशी जोडणाऱ्या दांड्याच्या, मधोमध कोठे तरी बसत असल्याने स्पेसरच्या जाडीच्या सुमारे दुप्पट उंची चाकापाशी मिळते. म्हणूनच ५० मिलिमीटरच्या किटमध्ये जेमतेम २५ मिलिमीटरचा स्पेसर निघाला तर फसवणूक झाली असे समजू नये. या प्रकारात बसण्याचा मऊपणा जवळपास मूळचाच राहतो. पण चाक पूर्ण लोंबकळते तेव्हा ते कंपनीने ठरवलेल्या मर्यादेच्याही खाली जाते. त्या टोकाला वरच्या आर्मचा बॉल जॉइंट आणि ड्राइव्ह शाफ्टचा सीव्ही जॉइंट अधिक तिरपे होतात, आणि काही गाड्यांत वरचा आर्म स्प्रिंगला टेकतो.

प्रीलोड स्पेसर स्ट्रटच्या आत, स्प्रिंग आणि वरच्या माउंटच्या मध्ये बसतो. यात स्ट्रटची कमाल लांबी बदलत नाही, त्यामुळे जॉइंटचे टोकाचे कोन मूळचेच राहतात. मात्र चाकाला खाली जायला उरलेले अंतर, वाढवलेल्या उंचीइतके कमी होते. गतिरोधकावरून उतरताना पुढून ‘ठक्’ असा आवाज येतो तो बहुधा यामुळेच. स्प्रिंग कडक झाली असा समज होतो, पण तिची ताकद तीच असते. तिला मोकळे व्हायला जागा उरलेली नसते.

टॉर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचे काम करणारी दांडी) असलेल्या गाड्यांत बारच्या टोकाची की बदलून किंवा तिचा बोल्ट आवळून उंची वाढवतात. परिणाम प्रीलोड स्पेसरसारखाच असतो. नवी की म्हणजे फक्त दात वेगळ्या कोनात कापलेली की. थोडीच उंची हवी असेल तर मूळच्या बोल्टवरही काम भागते.

चौथा मार्ग म्हणजे उंची ठरवता येणारा, मुळातच लांब बनवलेला स्ट्रट किंवा कॉइलओव्हर. तो महाग असतो, पण यात डॅम्परचा पल्लाही नव्या उंचीला जुळवलेला असतो. मूळचे स्ट्रट आधीच बरेच चाललेले असतील तर त्यांच्यावर स्पेसर चढवण्यात अर्थ नाही; तो खर्च सरळ नव्या स्ट्रटकडे वळवावा.

५. किट बसवल्यावर गाडीची भारक्षमता किंवा जमिनीपासूनची उंची वाढते का?

भारक्षमता एका किलोनेही वाढत नाही. गाडीच्या पट्टीवर छापलेले कमाल एकूण वजन तेच राहते. स्वतंत्र सस्पेन्शनच्या गाडीत पुढचे डिफरन्शियल चॅसीला जोडलेले असल्याने पुढची चॅसी आणि डिफरन्शियल वर जातात. मागच्या अखंड ॲक्सलखालची जागा मात्र फक्त टायर मोठा केल्यानेच वाढते, तीही व्यासातल्या वाढीच्या निम्मी.

६. टायरवरचे २६५/७० आर १७ आणि ३३ × १२.५० आर १७ हे आकडे एकमेकांशी कसे ताडून पाहायचे?

पहिल्या पद्धतीत २६५ म्हणजे टायरची मिलिमीटरमधली रुंदी, ७० म्हणजे त्या रुंदीच्या टक्क्यांत बाजूच्या भिंतीची उंची आणि १७ म्हणजे रिमचा इंचांमधला व्यास. भिंतीची उंची १८५.५ मिलिमीटर, तिची दुप्पट ३७१. त्यात १७ इंचांचे ४३१.८ मिळवले की व्यास ८०२.८ मिलिमीटर, म्हणजे सुमारे ३१.६ इंच येतो. याच रीतीने २८५/७० आर १७ चा व्यास ८३०.८ मिलिमीटर, म्हणजे ३२.७ इंच भरतो. म्हणूनच लोक त्याला ढोबळमानाने ‘तेहतीसचा टायर’ म्हणतात. दुसऱ्या पद्धतीत व्यास आणि रुंदी थेट इंचांत दिलेली असते. बोलण्यात दोन्ही ‘तेहतीसचे’ असले तरी २८५ ची रुंदी ११.२ इंच आणि १२.५० ची नावाप्रमाणे साडेबारा इंच, हा सव्वा इंचाहून अधिक फरक घासण्याच्या बाबतीत निर्णायक ठरतो. छापील माप आणि प्रत्यक्ष माप यांतही कंपनीगणिक थोडा फरक असतो, म्हणून कंपनीच्या तक्त्यातला प्रत्यक्ष व्यास पाहावा.

७. माझ्या गाडीत किती मोठा टायर न घासता बसेल?

सर्वांत अधिक वेळा येणारा प्रश्न हाच आहे, आणि गाडीचे मॉडेल सांगून त्याचे एका आकड्यात उत्तर मागणे ही त्यातली नेहमीची चूक आहे. टायर बसेल की नाही हे चार गोष्टी एकत्रितपणे ठरवतात : व्यास, रुंदी, रिमचा ऑफसेट (प्रश्न ८ पाहावा) आणि चाक वळलेले असताना सस्पेन्शन किती दबते.

उभ्या गाडीत सरळ चाकाच्या वर बोटे घालून जागा पाहणे निरुपयोगी आहे, कारण टायर सहसा तेथे घासत नाही. तो घासतो वळताना. पूर्ण स्टिअरिंग एका बाजूला फिरवल्यावर टायरचा मागचा कोपरा चाकाच्या खोबणीतल्या मागच्या भिंतीकडे सरकतो. तेथे प्लास्टिकचे अस्तर, त्यामागे पत्र्याचा जोड आणि केबिन ज्यावर टेकते तो चॅसीवरचा बॉडी माउंट असतो. विरुद्ध बाजूला पुढचा कोपरा बंपरच्या खालच्या कडेला लागतो. आतल्या अंगाला टायरची भिंत वरच्या कंट्रोल आर्मला किंवा चॅसीला टेकू शकते. यांपैकी बहुतेक जागा चाकाच्या वर नसून पुढे, मागे आणि आत आहेत, आणि त्यामुळेच पुढची बाजू उचलल्याने त्या फारशा मोकळ्या होत नाहीत. ‘किट घातले म्हणजे टायर बसलाच’ हा समज येथे मोडतो. शिवाय प्रीलोड स्पेसर किंवा टॉर्शन की असेल तर खड्ड्यात सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर चाक नेमके पूर्वीच्याच जागी येते. किटने दिलेली जागा त्या क्षणी उरलेली नसते.

खात्री करायची ती अशी : नवा टायर एका बाजूला चढवावा, गाडी हळू चालवत दोन्ही बाजूंना पूर्ण स्टिअरिंग फिरवून पाहावे, मागे घेतानाही पाहावे, मग पुढचे एक चाक उतरत्या पाट्यावर किंवा उंचवट्यावर चढवून सस्पेन्शन दाबलेल्या स्थितीत तेच पुन्हा करावे. अस्तरावर खडूची पूड लावून ठेवली तर कोठे लागले ते लगेच दिसते. अस्तराला निसटता स्पर्श होत असेल तर ते गरम हवेने तापवून मागे दाबता येते किंवा मडफ्लॅप काढता येतो. पत्र्याचा जोड ठोकून चपटा करणे शक्य असते, पण उघड्या झालेल्या पत्र्याला गंजरोधक रंग दिलाच पाहिजे. बॉडी माउंट कापून पुन्हा वेल्डिंग करणे हे चॅसीचे काम आहे. एका मापाने लहान टायर घेऊन ते टळत असेल तर टाळावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

८. ऑफसेट आणि बॅकस्पेसिंग म्हणजे काय, आणि बाहेर आलेली रिम घेतली तर काय बिघडते?

रिमच्या रुंदीचा मध्य आणि हबला टेकणारा तिचा पृष्ठभाग यांतले अंतर म्हणजे ऑफसेट. तो अधिक असेल तर चाक आत बसते, उणे असेल तर बाहेर येते. बॅकस्पेसिंग म्हणजे त्याच पृष्ठभागापासून रिमच्या आतल्या कडेपर्यंतचे अंतर. ८ इंची रिमची कडेपासून कडेपर्यंतची प्रत्यक्ष रुंदी सुमारे ९ इंच असते. तिचा ऑफसेट +२५ मिलिमीटर असेल तर बॅकस्पेसिंग सुमारे साडेपाच इंच येते.

आता त्याजागी ९ इंची आणि शून्य ऑफसेटची रिम घेतली असे धरू. तिची बाहेरची कडा सुमारे ३८ मिलिमीटर बाहेर सरकते आणि आतली कडा सुमारे १२ मिलिमीटर कंट्रोल आर्मपासून दूर जाते. आतली जागा वाढली हा फायदा. तोटा असा की चाक ज्या बिंदूभोवती वळते त्यापासून टायर लांब गेल्यामुळे वळताना तो मोठे वर्तुळ कापतो, आणि जो टायर मूळ रिमवर घासत नव्हता तोच आता मागच्या भिंतीला लागतो. त्यासोबत हब बेअरिंग आणि बॉल जॉइंटवरचा ताण वाढतो, खड्ड्यात स्टिअरिंग हातात झटके देते आणि टायर फेंडरच्या बाहेर येऊन चिखल दारांवर उडवतो. मूळच्या रिमवर मोठा टायर बसत असेल तर मूळचीच रिम ठेवणे बहुतेकांच्या हिताचे असते. दिसायला ती तितकी दणकट दिसत नाही, हे मान्य आहे.

९. किट न लावता नुसते मोठे टायर घालता येतील का?

अनेक गाड्यांत मूळच्या रिमवर एक माप वरचा टायर किटशिवाय बसतो. प्रश्न ७ मधली चाचणी करून पाहावी आणि तो घासत नसेल तर किटचा विचार वेगळा, केवळ दिसण्यापुरता करावा.

१०. किट बसवल्यावर व्हील अलाइनमेंट करणे खरोखर आवश्यक आहे का? गाडी तर सरळ चालते आहे.

आवश्यक आहे, आणि ते किट बसवल्याच्या दिवशीच करावे. पुढची बाजू उचलली की कंट्रोल आर्म खाली झुकतात आणि तिन्ही कोन बदलतात. कॅम्बर बहुधा अधिककडे जातो, म्हणजे चाकाचा माथा बाहेर कलतो. कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा मागे असलेला कल, बहुधा कमी होतो. आणि टाय रॉडचा (स्टिअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या दांडीचा) कोन बदलल्याने टो, म्हणजे वरून पाहता चाके आत किंवा बाहेर वळलेली असण्याचे माप, हमखास बिघडतो. टो बिघडलेला असताना दोन्ही चाके एकमेकांना सारखीच विरोध करत असल्याने गाडी सरळच चालते, पण नवा टायर काही हजार किलोमीटरांत एका कडेने करवतीच्या दातांसारखा झिजतो.

कॅस्टर कमी झाल्याचे लक्षण वेगळे असते. वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप मध्यावर येत नाही आणि वेगात गाडी इकडेतिकडे भटकते. मूळच्या वरच्या आर्मने कॅस्टर परत मिळत नसेल तर बदललेल्या कोनाचा नवा आर्म घालावा लागतो. उंची ५० मिलिमीटरच्या पुढे गेली की तशी वेळ बऱ्याच गाड्यांत येते. अलाइनमेंट करणाऱ्याला एक गोष्ट आधी सांगून ठेवावी. खालच्या आर्मचे कॅम बोल्ट (फिरवून आर्मची जागा बदलणारे बोल्ट) चाक पुढे सरकेल अशा दिशेने लावले तर कॅस्टर तर वाढतोच, वर मागच्या भिंतीपासून काही मिलिमीटर जागाही मिळते, आणि टायर जेमतेम घासत असेल तर तेवढ्यानेच काम होते. कामापूर्वीचा आणि नंतरचा असे दोन्ही छापील तक्ते मागून घ्यावेत.

११. हे काम घरी करता येईल का?

माथ्यावरचा स्पेसर किंवा टॉर्शन की हे काम अनुभवी माणूस चांगले जॅक, भक्कम स्टँड आणि टॉर्क पाना हाताशी असल्यास करू शकतो. प्रीलोड स्पेसरसाठी दाबलेली स्प्रिंग उघडावी लागते. ती निसटली तर जीव घेऊ शकते, म्हणून ते काम भिंतीला पक्का बसवलेला स्प्रिंग कॉम्प्रेसर असलेल्या ठिकाणीच द्यावे.

घरी काम करणाऱ्यांकडून दोन चुका वारंवार होतात. पहिली, चाक लोंबकळत असताना कंट्रोल आर्मचे बुश बोल्ट पूर्ण आवळणे. त्यामुळे रबर कायमचे पिळलेल्या स्थितीत राहते आणि लवकर फाटते. हे बोल्ट गाडी चाकांवर उभी करून शेवटी आवळावेत. दुसरी, नकल खाली घेताना ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर ताणली जाणे. ब्रॅकेट आधीच सोडवून ठेवावे आणि काम झाल्यावर स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून त्यांना सैलपणा आहे ना ते पाहावे. चाकांचे नट ८० ते १०० किलोमीटरनंतर आणि सस्पेन्शनचे बोल्ट सुमारे ५०० किलोमीटरनंतर पुन्हा ठरलेल्या टॉर्कला तपासावेत.

१२. मोठ्या टायरमुळे स्पीडोमीटर किती चुकतो?

व्यास जितक्या टक्क्यांनी वाढतो तितक्याच टक्क्यांनी. प्रश्न ६ मधल्या उदाहरणात वाढ ३.५ टक्के आहे. काटा १०० दाखवेल तेव्हा गाडी १०३.५ किलोमीटर वेगाने धावत असेल. ३५ इंची टायरवर हाच फरक १०.७ टक्क्यांवर जातो. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांतील क्रमांक ३९ प्रमाणे स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीही दाखवू नये, अशी अट आहे. कंपन्या काटा थोडा पुढेच ठेवतात, त्यामुळे छोटी वाढ बहुधा त्यात सामावते. मोठी वाढ सामावत नाही आणि मग संगणकात टायरचे माप बदलून घ्यावे लागते. किलोमीटरची नोंदही त्याच प्रमाणात कमी होते. ‘टायर बदलल्यावर मायलेज पडले’ असे सांगणाऱ्यांच्या तक्रारीतला काही भाग निव्वळ या चुकीच्या नोंदीचा असतो.

१३. टायर मोठे केल्यापासून गाडी जड वाटते आणि ब्रेक उशिरा लागतात. हे अपेक्षित आहे का?

होय. मोठा टायर म्हणजे प्रत्यक्षात लांब झालेला गिअर. डिफरन्शियलमधल्या गिअरचे मूळचे गुणोत्तर ३.७३ असेल तर २८५/७० वर ते ३.६० सारखे वागते आणि ३५ इंचांवर ३.३७ सारखे. पहिला फरक बहुतेकांना जाणवत नाही. दुसऱ्यात स्वयंचलित गिअरबॉक्स चढावर सतत खालचा गिअर शोधत राहतो. मूळची ताकद परत हवी असेल तर ३.७३ ला १.१०७ ने गुणून ४.१३ येते, म्हणजे ४.१० चा क्राउन-पिनिअन (तीच गिअरजोडी) जवळचा ठरतो. फोर व्हील ड्राइव्ह असेल तर तो पुढे-मागे दोन्हीकडे बदलावा लागतो.

वजनाचा परिणाम याहून वेगळा आहे. जाड भिंतीचा हलक्या ट्रक वर्गातला टायर मूळच्या टायरपेक्षा सहा-आठ किलोंनी जड असणे नेहमीचे आहे, आणि हे वजन चाकाच्या परिघावर फिरते. ते फिरवायला इंजिनाला आणि थांबवायला ब्रेकला अधिक श्रम पडतात. पॅड आणि डिस्क मुळातच झिजलेले असतील तर ते टायरांसोबतच बदलावेत.

१४. नव्या टायरांत हवा किती ठेवावी? दारावरच्या पट्टीवरचा आकडा चालेल का?

टायर मूळच्याच वर्गातला असेल तर तो आकडा सुरुवात म्हणून चालतो. प्रवासी वर्गातल्या टायरऐवजी हलक्या ट्रक वर्गातला टायर घेतला असेल तर तोच भार पेलण्यासाठी त्याला अधिक दाब लागतो आणि नेमका आकडा टायर कंपनीच्या भार-दाब तक्त्यातून घ्यावा लागतो. टायरच्या भिंतीवर छापलेला कमाल दाब, उदाहरणार्थ ई श्रेणीत बहुधा ८० पीएसआय, हा रोजचा दाब नव्हे. रिकाम्या पिकअपमध्ये तेवढी हवा भरली तर टायर मध्यभागी झिजतो आणि ओल्या रस्त्यावर पकड जाते.

भार निर्देशांक मूळच्या टायरपेक्षा कमी असता कामा नये. ११५ म्हणजे १२१५ किलो आणि १२१ म्हणजे १४५० किलो. प्रवासी वर्गातला टायर पिकअपला लावताना त्याच्या छापील क्षमतेला १.१० ने भागण्याची रीत आहे, हेही लक्षात ठेवावे. दाब बदलला की दाब सांगणाऱ्या यंत्रणेची इशारा मर्यादाही बदलून घ्यावी.

१५. समोरून येणारे लोक मला सारखे डिपर मारतात. असे का?

तुमचे हेडलाइट त्यांच्या डोळ्यांत जात आहेत. ३.५ मीटर ॲक्सल-अंतराच्या गाडीचे नाक ५० मिलिमीटर उचलले की प्रकाशझोत सुमारे १.४ टक्क्यांनी वर जातो, म्हणजे १० मीटरवर १४ सेंटिमीटर. खालच्या झोताला मुळात दिलेला उतार साधारण एक ते दीड टक्काच असतो. किटने तो जवळजवळ पूर्ण पुसला जातो. दिव्यामागचा स्क्रू फिरवून झोत खाली घेणे पाच मिनिटांचे काम आहे, तरी किट बसवणारे तेच सर्वाधिक विसरतात.

१६. मी माल वाहतो आणि ट्रेलरही ओढतो. मला किट घेणे योग्य ठरेल का?

नियमित ओढत असाल तर पूर्ण सपाट करणारे किट घेऊ नये. नाक उचललेल्या गाडीत मागे भार आला की मागची बाजू पुढच्यापेक्षा खाली जाते, पुढच्या चाकांवरचा भार हलका होतो, स्टिअरिंग सैल वाटू लागते आणि प्रश्न १५ मधला त्रास दुप्पट होतो. दोन्ही हवे असेल तर मागे हवेच्या मदतनीस स्प्रिंग घालून भारानुसार त्यांत दाब भरता येतो, किंवा जड ट्रेलरसाठी भार पुढच्या ॲक्सलकडे वाटणारा हिच वापरता येतो. या दोन्ही उपायांनी गाडी सपाट होते, पण तिची भारमर्यादा वाढत नाही. मागे ॲक्सल आणि पाटे यांच्यामध्ये ठोकळा घालून उंची मिळवायची असेल तर एकच अखंड ठोकळा वापरावा, एकावर एक रचू नयेत. आणि पुढच्या ॲक्सलवर ठोकळा कधीही घालू नये.

१७. स्टेपनी जुन्याच मापाची ठेवली तर चालेल का?

टू व्हील ड्राइव्ह गाडीत जवळच्या दुरुस्तीच्या ठिकाणापर्यंत, पुढच्या चाकाच्या जागी लावून, हळू जाण्यापुरती चालेल. मागे लावली तर लहान-मोठ्या चाकांमुळे डिफरन्शियल सतत फिरत राहून तापते, आणि लॉकिंग प्रकारचे असेल तर ते खराबही होऊ शकते. फोर व्हील ड्राइव्ह जोडलेला असताना वेगळ्या व्यासाचे एकही चाक चालत नाही. ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या-मागच्या ॲक्सलांना ताकद वाटणाऱ्या पेटीत) ताण साठत जातो. कायम चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत तर पाचवा टायर त्याच मापाचा घेण्यावाचून पर्याय नाही. मोठी स्टेपनी हौद्याखालच्या जागेत मावते का, हे घेण्याआधी मोजावे.

१८. माझ्या गाडीला पुढे अखंड ॲक्सल आहे. वरचे सगळे तिलाही लागू होते का?

टायर, ऑफसेट, दिवे आणि हवा यांविषयीचे लागू होते, कोनांविषयीचे बदलते. येथे स्पेसर थेट कॉइल स्प्रिंगवर बसतो आणि जितका जाड तितकीच उंची देतो. कॅम्बर बदलत नाही, पण आर्म फिरल्याने कॅस्टर कमी होतो आणि आडवा ट्रॅक बार (ॲक्सलला बाजूला सरकू न देणारी दांडी) तिरपा झाल्याने संपूर्ण ॲक्सल एका बाजूला काही मिलिमीटर सरकतो. त्यासाठी लांबी बदलता येणारा ट्रॅक बार किंवा त्याचे ब्रॅकेट लागते. शॉक ॲब्सॉर्बर आखूड पडत नाहीत ना, हेही पाहावे. वेगात खड्डा लागल्यावर पुढची चाके जोरजोरात थरथरू लागली तर अलाइनमेंटकडे धाव घेण्याआधी ट्रॅक बारचे बुश, त्याचे बोल्ट आणि बॉल जॉइंट तपासावेत.

१९. गाडीत एअर सस्पेन्शन आहे, किंवा काचेमागे कॅमेरा आणि बंपरमध्ये रडार आहे. तरी किट चालेल का?

एअर सस्पेन्शन उंची स्वतः मोजते आणि स्वतः सुधारते. तेथे स्पेसर घातला तर यंत्रणा हवा सोडून नाक पुन्हा खाली आणते किंवा दोष दाखवते. सेन्सरची दांडी बदलून तिला फसवणारी किट मिळतात. त्यांत उंची मिळते, पण हवेच्या पिशव्या कायम त्यांच्या पल्ल्याच्या वरच्या टोकाला काम करतात. कॅमेरा आणि रडार असलेल्या गाडीत नाकाचा कोन बदलला की त्यांची नजरही बदलते, म्हणून अलाइनमेंटनंतर त्यांचे कॅलिब्रेशन करून घ्यावे.

२०. कायदा, विमा आणि वॉरंटी यांचे काय?

उंची, टायरचा व्यास आणि फेंडरबाहेर आलेले चाक यांविषयीचे नियम देशागणिक वेगळे आहेत. काही ठिकाणी नोंदणीपत्रातल्या मापांपासून दूर जाणेच वर्ज्य आहे. म्हणून पैसे खर्च करण्याआधी गाडी जेथे नोंदवली आहे तेथील परिवहन कार्यालयाला आणि विमा कंपनीला लेखी विचारावे आणि उत्तर गाडीच्या कागदपत्रांत ठेवावे. विमा कंपनीपासून बदल लपवला तर दाव्याच्या वेळी तेच कारण पुढे येऊ शकते. वॉरंटीच्या बाबतीत बॉल जॉइंट, सीव्ही जॉइंट, हब बेअरिंग आणि स्टिअरिंग रॅक यांवरचे दावे अवघड होतील असे धरूनच चालावे.

२१. पुढे गाडी विकताना किट काढून टाकता येते का?

स्पेसर आणि टॉर्शन की काढून गाडी पूर्ववत होते, त्यानंतर पुन्हा अलाइनमेंट आणि हेडलाइटची जुळणी करावी लागते. कापलेला बॉडी माउंट आणि ठोकलेला पत्रा मात्र पूर्ववत होत नाहीत. काढलेले मूळचे नट, बोल्ट आणि की पिशवीत घालून त्यावर जागेचे नाव लिहून ठेवावे. काही वर्षांनी त्यांतला नेमका कोणता बोल्ट कोठला, हे कोणालाच आठवत नाही.